चाकांचे दागिने

मालट्रकाच्या सजावटीचा विषय निघाला की चर्चा बहुधा मागच्या फळीवरील मजकुरापाशी येऊन थांबते. 'हॉर्न ओके प्लीज' हे शब्द विनाकारण कर्णा वाजविण्यास उत्तेजन देतात, म्हणून महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ते वाहनांवर लिहिण्यास बंदी केली. त्या बंदीचे कोणी कौतुक केले, कोणी थट्टा केली. परंतु त्याच ट्रकांच्या चाकांवर दिवसेंदिवस जे चढत चालले आहे त्याची दखल कोणी घेतलेली आमच्या पाहण्यात नाही. चकचकीत पत्र्याच्या थाळ्या, हबवर बसविलेले घुमट, नटांवर चढविलेल्या लाल, हिरव्या वा चंदेरी टोप्या, आणि काही गाड्यांवर तर भाल्याच्या फाळासारखी बाहेर आलेली टोके, असा हा सारा थाट आहे. रस्त्यांवरील खड्डे, मद्यधुंद चालक, वाजवीपेक्षा जास्त भार अशा मोठ्या प्रश्नांपुढे हा विषय क्षुल्लक आहे, असे काही वाचकांना वाटेल. आम्हांला मात्र तसे वाटत नाही. ट्रकाचे चाक हा यंत्राचा भाग असला तरी माणसाच्या अंगाच्या सर्वांत जवळून जाणारा भाग तोच असतो.

बेळगावहून बागलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावरील सांबरा गावाचे उदाहरण घ्या. बागलकोट भागातील सिमेंट, साखर, गूळ, कांदा घेऊन येणारी अवजड वाहने या रस्त्याने बेळगावात शिरतात. त्याच रस्त्याने शाळेची मुले सायकली मारीत जातात, बेळगावच्या कारखान्यांत कामाला जाणारे तरुण दुचाकीवरून घाईने निघतात, आणि हंगामात उसाच्या गाड्या अर्धा रस्ता अडवून चालतात. समोरून वाहन आले की ट्रक डावीकडे सरकतो आणि त्याचे पुढचे चाक सायकलस्वारापासून हातभर अंतरावरून फिरत जाते. त्या चाकाचे नट असतात सायकलस्वाराच्या गुडघ्याच्या उंचीवर. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या लहान मुलाच्या तर छातीच्या. निपाणीजवळच्या तवंदी घाटात, खानापूरच्या बाजारपेठेत, आमच्याकडील मोले आणि साखळीच्या रस्त्यांवर याहून निराळे चित्र दिसत नाही. अनमोड आणि चोर्ला हे दोन घाट उतरून येणाऱ्या वाहनांवरच कोकणपट्टीच्या या भागातील चुली बऱ्याच अंशी अवलंबून आहेत. बेळगावची भाजी आणि दूध आले नाही तर आमच्या बाजारात काय अवस्था होते, हे गृहिणींना सांगावयास नको. केए २२, केए २३, एमएच ०९, एमएच ०७ आणि जीए अशा सर्व पाट्यांच्या गाड्या याच वाटांवरून धावतात. तेव्हा सांबऱ्याच्या रस्त्यावरील चाक हे आमच्याही दारावरून जाणारे चाक आहे.

आता मूळ प्रश्न असा की, चाकावर झाकण घालण्याचा हेतू तरी काय? हा हेतू आरंभी अगदी व्यवहारी होता. हबमध्ये बेअरिंग असते, बेअरिंगला ग्रीस लागते, आणि ते ग्रीस बाहेर गळू नये व बाहेरची धूळ, पाणी आत जाऊ नये म्हणून हबच्या तोंडावर धातूची टोपी घट्ट बसविलेली असते. ही टोपी दागिना नव्हे. ती नसेल तर बेअरिंग लवकर झिजते आणि प्रसंगी चाक जाम होते. सायकलीच्या हबभोवती आपण रंगीत केसांची कडी पाहतो. ती शोभेची खरी, पण चाक फिरेल तशी ती हबवरची धूळ पुसून काढते. मोटारसायकलीच्या मागच्या चाकाला जी जाळी बसविलेली असते तिला तर कायद्याचाच आधार आहे. मागे बसणाऱ्या व्यक्तीचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागील चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे साधन असलेच पाहिजे, असे १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात. साडीचा पदर चाकात जाऊन झालेले अपघात ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या नियमाचे मोल कळते. थोडक्यात, झाकण या वस्तूशी आमचे काही वैर नाही. काही झाकणे माणसाचे रक्षण करतात, काही यंत्राचे करतात, आणि सुदैवाने काही दोन्ही साधून वर शोभाही देतात.

नटावर बसविण्याच्या टोप्यांविषयीही आम्ही पूर्वग्रह बाळगू इच्छित नाही. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत आणि मृग ते हस्त चालणाऱ्या पावसात नट गंजतात आणि मग पंक्चर झाले की व्हीलपान्याच्या दांड्यावर क्लीनरने उभे राहून अंगाचा सारा भार टाकला तरी ते हलत नाहीत. साधी, बसकी, घट्ट बसणारी टोपी नटाच्या आट्यांचे गंजापासून रक्षण करते. मोठ्या बसगाड्यांच्या पुढच्या चाकांवर नटांभोवती जाड पोलादी कडे दिसते. तेही नटांना दगडाधोंड्यांच्या आघातापासून वाचविते. हे सर्व मान्य करूनच आम्ही पुढील दोन दोष वाचकांसमोर ठेवीत आहोत.

पहिला दोष असा की, जे डोळ्यांसमोर राहावयास हवे तेच ही सजावट झाकून टाकते. मोठ्या ट्रकाचे एकेक चाक आठ किंवा दहा नटांवर उभे असते. नट सैल होऊ लागला की तो आधी सांगतो. त्याच्या मुळाशी गंजाचा तांबूस ओघळ दिसू लागतो, रंगाचे पापुद्रे सुटतात, डिस्कवर घासल्याची चकाकी येते. जाणता चालक सकाळी गाडीभोवती एक फेरी मारतो आणि या खुणा त्याच्या नजरेस पडतात. चाकावर थाळी बसविली की ही भाषाच बंद होते. चाक बदलल्यानंतर साधारण पहिल्या पन्नास ते शंभर किलोमीटरच्या आत नट पुन्हा आवळून पाहावेत, असा यांत्रिकांचा दंडक आहे. दोन पृष्ठभागांमधला रंग, गंज, माती दबून बसते आणि आरंभी घट्ट वाटलेला नट थोडा ढिला पडतो, हे त्याचे कारण. बेळगावात चाक बदलून गोव्याकडे निघालेल्या ट्रकाचे हे अंतर अनमोडचा उतार लागण्यापूर्वीच भरते. नेमके तेथे थांबून, थाळी उतरवून, दहा टोप्या काढून नट पाहण्याची तसदी किती जण घेत असतील? उघडा नट पाहावयास कष्ट पडत नाहीत, झाकलेला पाहावयास पडतात. आणि कष्टाची तपासणी उद्यावर जाते, हा मनुष्यस्वभाव आहे.

फिरते चाक नटाला सैल करू पाहते, हे जुन्या अभियंत्यांना चांगले ठाऊक होते. म्हणून पुष्कळशा जुन्या ट्रकांच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलट्या आट्यांचे नट असत. आपल्या पुराणकथांनाही हे ठाऊक होते. युद्धाच्या ऐन गर्दीत दशरथाच्या रथाची खीळ निसटली आणि कैकेयीने तेथे आपला हात घालून रथ सावरला, अशी कथा आपल्याकडे परंपरेने सांगतात. त्या एका हाताच्या मोबदल्यात पुढे सारे रामायण घडले. पण या कथेतील एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. खीळ निसटलेली कैकेयीला दिसली, तेव्हाच ती हात घालू शकली. आसाचे टोक मखरात झाकलेले असते, तर रथ कोसळेपर्यंत ते कोणालाच कळले नसते.

झाकणाचा आणखी एक उपद्रव घाटात होतो. भरलेला ट्रक उतारावरून येताना ब्रेक वारंवार दाबले जातात, ड्रम तापतात, आणि तापलेल्या ड्रमांची पकड कमी होते. घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी, हा धडा याचसाठी शिकविला जातो. डिस्कमधील भोके केवळ वजन कमी करण्यासाठी ठेवलेली नसतात. त्यांतून हवा खेळते, आणि मागच्या जोडचाकांतील आतल्या टायरमध्ये हवा भरण्यासाठी हातही त्यांतूनच जातो. पूर्ण थाळी बसविली की वारा अडतो आणि आतल्या टायरची हवा पाहणे दुरापास्त होते. आतले टायर बसले तर सारा भार बाहेरच्यावर येतो आणि तोही तापून फुटतो. दुरून आरशासारखे चकाकणारे चाक आतून अशा स्थितीत असेल, तर 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' याहून वेगळे काय म्हणावे?

दुसरा दोष अधिक उघड आहे, आणि तो टोकांचा आहे. ट्रकाच्या पुढच्या चाकाची डिस्क बाहेरच्या अंगाला फुगीर असते. त्यामुळे तिच्यावरील नट मुळातच टायरच्या कडेपर्यंत आलेले असतात. त्यांवर दोन-तीन इंचांची अणकुचीदार टोपी चढविली की ती सरळ बाहेर डोकावते. हिशेबच मांडू. ट्रकाच्या चाकाचा व्यास सुमारे एक मीटर. ताशी चाळीस किलोमीटर वेगाने जाताना ते चाक दर सेकंदाला तीनाहून अधिक फेरे घेते. दहा नट असतील तर एका सेकंदात तीसहून अधिक टोके एकाच जागेवरून फिरून जातात. मध्ये सायकलीचे हँडल, शाळेच्या दप्तराचा बंद, लुगड्याचा पदर किंवा माणसाची पोटरी आली तर काय होईल, याचे वर्णन करण्याची गरज नाही. गुळगुळीत चाकाला घासून माणूस बाजूला फेकला जाण्याचा संभव तरी असतो. टोके असलेले चाक त्याला पकडते आणि आत ओढते. ही टोके बहुधा चंदेरी मुलामा दिलेल्या प्लॅस्टिकची असतात, ती मोडतील, असा युक्तिवाद कोणी करील. काही मोडतीलही. पण मोडण्यापूर्वी ती काय अडकवतील, याची हमी कोण देणार? आणि पोलादी असतील तर ती मोडणारही नाहीत.

युरोपातील बहुतेक देश मानतात त्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या वाहन नियमांपैकी २६ क्रमांकाचा नियम मोटारींच्या बाहेर आलेल्या भागांविषयी आहे. चाक, नट व चाकाची टोपी यांना रिंगच्या बाहेरच्या पातळीपलीकडे जाणारा टोकदार वा धारदार भाग असता कामा नये, असे त्यात तत्त्व घातलेले आहे. आपल्याकडे काय? मालवाहू वाहनाची रुंदी २.६ मीटरहून अधिक असू नये, आणि ती दोन्ही अंगांच्या अगदी बाहेरच्या बिंदूंमध्ये मोजावी, असा आपला नियम आहे. पण हौद्याची रुंदी बहुधा चाकांपेक्षा जास्त असल्याने टोके या मापात सहज लपून जातात. कायद्याची फीत हौद्याला लागते. माणसाचा गुडघा मात्र हौद्याच्या खाली असतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनाच्या मूळ बांधणीत परस्पर फेरफार करण्यास मनाई करते. याच कलमाच्या आधारे डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने मोटारींच्या तोंडाशी बसविल्या जाणाऱ्या लोखंडी कठड्यांविरुद्ध कारवाई करण्यास राज्यांना कळविले. हे कठडे पादचाऱ्यांना घातक असतात, हे त्यामागील एक कारण होते. नटाची टोपी हा फेरफार ठरतो की नाही, यावर वकिलांनी हवा तेवढा वाद घालावा. पुढच्या कठड्याने पादचाऱ्याला धोका आहे हे ज्या न्यायाने शासनाने मानले, तोच न्याय बाजूच्या टोकांना लागू पडतो, एवढे आम्हांला समजते.

हा धोका कोणाच्या वाट्याला येतो, हेही पाहिले पाहिजे. केंद्र शासनाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत दुचाकीस्वार सुमारे ४४.५ टक्के आणि पादचारी सुमारे १९.५ टक्के होते. यांतील अमुक बळी चाकांच्या सजावटीचे, असा आमचा दावा मुळीच नाही. परंतु दर शंभर मृतांपैकी जवळजवळ चौसष्ट माणसे ही ट्रकाच्या चाकाशेजारी कोणत्याही आडोशाविना उभी असणारी, चालणारी किंवा दुचाकीवर बसलेली माणसे आहेत. मोठ्या ट्रकांच्या दोन्ही बगलांना आडव्या संरक्षक पट्ट्या बसविण्याचा नियम अशाच माणसांसाठी झाला. एकीकडे माणूस चाकाखाली जाऊ नये म्हणून पट्टी बसवावयाची आणि दुसरीकडे चाकाला त्याला पकडणारी टोके लावावयाची, यात सुसंगती कोठे आहे?

सांबऱ्याचे नाव आम्ही वर घेतले ते केवळ रस्त्यासाठी नव्हे. तेथील विमानतळ १९४२ साली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश हवाई दलाने उभारला. आज तेथून प्रवासी विमानेही उडतात आणि हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्रही तेथे आहे. प्रत्येक उड्डाणापूर्वी विमानाभोवती फेरी मारून चाके, टायर, ब्रेक डोळ्यांनी तपासले जातात. उभ्या विमानाच्या नाजूक भागांवर, म्हणजे हवेचा वेग मोजणाऱ्या नळीवर वा इंजिनाच्या तोंडावर, झाकणे घालतात तेव्हा त्यांना लांब तांबडी फीत बांधलेली असते आणि तिच्यावर 'उड्डाणापूर्वी काढा' अशा अर्थाची सूचना ठळक अक्षरांत असते. आपल्या मागे काहीतरी झाकलेले आहे, हे ते झाकण स्वतःच ओरडून सांगते. विमानतळाच्या कुंपणाच्या आत ही शिस्त आहे. कुंपणाबाहेरच्या रस्त्यावरून दहा-वीस टनांचा भार वाहणारी चाके जातात, आणि त्यांच्यावरची झाकणे मात्र आत सर्व काही ठीक आहे, असा भास निर्माण करतात. दोन्हींमधील अंतर तंत्रज्ञानाचे नाही, सवयीचे आहे. चाकाभोवती फेरी मारून पाहावयास खर्च येत नाही.

याचा सगळा दोष ट्रकचालकाच्या माथी मारून मोकळे होणे मात्र आम्हांला मान्य नाही. महिन्यातले वीस-पंचवीस दिवस जो घराबाहेर असतो, गाडीतच निजतो, गाडीखालीच स्वयंपाक करतो, त्याने त्या गाडीला नटविले तर त्यात नवल नाही. गाडी मालकाची असते, माल व्यापाऱ्याचा असतो. चालकाचे स्वतःचे म्हणावे असे त्या गाडीवर काही असेल तर ते गोंडे, लिंबू-मिरची आणि चाकांवरची ही चमक. नव्या मोठ्या मालट्रकांच्या चालक-कक्षात वातानुकूलन असलेच पाहिजे, हा नियम १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या गाड्यांना लागू झाला. चालकाच्या सुखाची दखल घेण्यास आपल्याला इतकी वर्षे लागली. झिजलेले ब्रेक-लायनर बदलण्यास टाळाटाळ करणारा मालक चकाकणाऱ्या थाळ्यांसाठी मात्र हरकत घेत नाही, कारण थाळीने गाडी नवी दिसते आणि भाडे मिळविण्यास मदत होते. चालकाच्या हौसेपेक्षा हा हिशेब अधिक घातक आहे.

हौस आणि सुरक्षितता यांचे भांडण असलेच पाहिजे, असे नाही. निपाणी-बेळगावच्या भागात ज्येष्ठी पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर साजरा होतो. शेतकरी बैलाला न्हाऊ घालतो, शिंगे रंगवितो, अंगावर झूल घालतो आणि शिंगांच्या टोकांना पितळी शेंब्या बसवितो. शेंबी हा दागिना खरा, पण तिने शिंगाची अणी झाकली जाते. बैल मिरवणुकीत, गर्दीत, पोराबाळांत नेला जातो तेव्हा त्याचे टोक बोथट करणारा हा अलंकार आहे. आमच्या शेतकऱ्याने सजावटीतून टोक बोथट केले. आणि आज आपण मुळात बोथट असलेल्या नटाला सजावटीतून टोक आणीत आहोत! सोन्याची सुरी झाली म्हणून ती कोणी उरात खुपसून घेत नाही. ही सुरी तर सोन्याचीही नाही, आणि उर दुसऱ्याचे आहे.

उपाय कठीण नाहीत. टायरच्या बाहेर येणारी कोणतीही टोकदार टोपी योग्यता प्रमाणपत्राच्या तपासणीच्या वेळी उतरवून ठेवावी आणि ती पुन्हा चढविल्यास दंड करावा. मालवाहू वाहनांना हे प्रमाणपत्र पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी घ्यावे लागते. म्हणजे प्रत्येक गाडी कधी ना कधी तपासनिसासमोर येतेच. दोन तपासण्यांमधल्या काळासाठी मोले, केरी यांसारख्या नाक्यांवर कागदपत्रे पाहणाऱ्यांनी एक नजर चाकांवरही टाकावी. पूर्ण थाळ्यांऐवजी नट व भोके उघडी ठेवणारीच सजावट वापरावी. नटांवर बसविण्याचे पिवळ्या प्लॅस्टिकचे बाणासारखे दर्शक मिळतात. ते जवळजवळचे एकमेकांकडे तोंड करून, चाकाच्या पृष्ठभागाला चिकटून बसवितात. नट जरा जरी फिरला तरी बाणाची दिशा बदलते आणि चार हातांवरून ते कळते. हे दर्शक रंगीत आहेत, स्वस्त आहेत आणि दिसावयासही वाईट नाहीत. मालक-संघटनांनी आणि चालकांच्या संघटनांनी चकचकीत टोप्यांऐवजी यांचा पुरस्कार करावा. हा खर्च मालकाने करावयाचा आहे, चालकाच्या भत्त्यातून नव्हे. कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा या तिन्ही राज्यांच्या परिवहन खात्यांनी यासाठी एकच नियम ठरविला पाहिजे. नाहीतर एका सीमेवर उतरविलेली टोपी दुसऱ्या सीमेपलीकडे पुन्हा चढेल.

खंडेनवमीला घाटावर आणि घाटाखाली सर्वत्र ट्रक धुतले जातात, त्यांना झेंडूच्या माळा घालतात, चाकाला हळदकुंकू लावून नारळ फोडतात. ही प्रथा आम्हांला प्रिय आहे. ज्या यंत्रावर पोट चालते त्याविषयीची कृतज्ञता तीत आहे. पण देवाची पूजादेखील आदल्या दिवसाचे निर्माल्य उतरवल्यावाचून सुरू होत नाही. येत्या खंडेनवमीला चाकांच्या थाळ्या आणि टोप्या प्रथम उतरवाव्यात, एकेक नट पाना लावून पाहावा, टोकदार टोप्या कायमच्या बाजूला टाकाव्यात, आणि मगच माळ घालावी. मालकांनी त्या दिवशी चालकाच्या शेजारी उभे राहून हे काम करून घ्यावे, एवढीच आमची त्यांना विनंती आहे.